ठिपका हलत नाही, बाबा चालताहेत

प्रश्न : माझे वडील (वय ६३) ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघालेत. मोबाइलवर त्यांचं लोकेशन आम्ही बघतो. पण बडवानी सोडल्यापासून ठिपका दोन दिवस एकाच जागी आहे. आईला घास उतरत नाही. परदेशातून सॅटेलाइट फोन मागवू का?

उत्तर : मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे; बाबा भलत्याच चौकशीत अडकतील.

ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबला, असं नाही. फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते. ती तुमच्यापर्यंत पोचवायला मात्र टॉवर लागतो. बडवानीपुढे दक्षिण तटावर शूलपाणीची झाडी लागते, नंदुरबारच्या डोंगरांत. तिथे रेंज नसणं हीच रीत. तुम्हाला दिसतंय ते शेवटचं ठिकाण. त्याखालची वेळ वाचा, नकाशा नंतर.

खरा माग माणसांकडून लागतो. परिक्रमावासी मुक्कामी वहीवर शिक्का घेतात. रेंज मिळेल तिथून त्या पानाचा फोटो आणि आश्रमातल्या कुणाचा तरी नंबर पाठवायला सांगा. चालताना फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी टिकते. 'रोज फोन करा' हा आग्रह सोडा. त्यापायी माणूस रेंज शोधत टेकाडं चढतो. त्याऐवजी ठरवा : इतके दिवस निरोप नाही, तर आधी शेवटच्या मुक्कामी विचारायचं, मग पोलिसांना कळवायचं. दिवस किती, ते बाबांनीच सांगावं.

आईंना कागदी नकाशा आणि पेन्सिल द्या. दर पाच मिनिटांनी फोन उघडण्यापेक्षा ते बरं.