वह्या रद्दीत दिल्यास, हे खरं का?

वरसे, ता. रोहा
नागपंचमी

चि. निखिल,

गोरेगावची खोली बदलताना तू तुझ्या स्केचबुकांची गोणी रद्दीवाल्याला दिलीस, असं तुझी आई फोनवर म्हणाली. खरं का हे? वहिनीला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, म्हणून पहिल्यांदा मी कानाआड केलं. पण संध्याकाळी आमचा सुधीर धाटावहून आला. तो म्हणे, "निखिल विचारत होता, इकडच्या एखाद्या कंपनीत काही जागा आहे का." दोन तोंडांनी दोन गोष्टी कानावर आल्या, आणि मग मला झोप नाही.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" करतोस आणि गोष्ट डब्यातल्या लाडवांवर नेतोस. पत्राला तसं टाळता येत नाही.

त्या वह्यांमध्ये काय होतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त आठवतं. तू इथे यायचास तेव्हा आमच्या ओटीवर बसून काढलेलं आहे त्यात. बाजारात रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या कातकरी बायका. धावीर महाराजांच्या पालखीत पोलीस सलामी देतात, तेव्हाचा तो एक हवालदार, ज्याची टोपी त्याच्या डोक्याला मोठी होती. दुसऱ्या पाळीच्या बसची वाट बघत पेंगणारे धाटावचे कामगार. कुड्याच्या लेण्यांत आपण गेलो होतो, तिथली दगडातली जोडपी बघून तू म्हणालास, "आत्या, दोन हजार वर्षं झाली तरी ही बाई नवऱ्यावर रुसलेली दिसते." तेव्हा तू नववीत होतास. ते पान कुठे आहे आता? कुणाच्या भजीखाली?

आईला तू म्हणालास म्हणे, "आता हातानं काढून काय करायचं, चार ओळी टाइप केल्या की पन्नास चेहरे समोर येतात." अरे, मला का हे ठाऊक नाही? 2025 च्या मार्चमध्ये आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्या बायकांचे ते जपानी कार्टूनसारखे फोटो आले होते. माझाही कुणीतरी करून पाठवला. मी त्यात तीस वर्षांची दिसत होते, नाक भलतंच नाजूक झालं होतं. आवडला मला, खोटं कशाला बोलू. पण ज्या मियाझाकीच्या चित्रांची ती नक्कल, त्याच्या एका सिनेमातला चार सेकंदांचा गर्दीचा तुकडा काढायला एका माणसाला सव्वा वर्ष लागलं होतं, हे तूच मला सांगितलं होतंस ना? आणि सांगताना तुझा आवाज कसा झाला होता!

तू जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यात वाढलेला मुलगा. साचा म्हणजे काय हे तुला मी शिकवू? साच्याला आपण कधी नावं ठेवली नाहीत. साच्यानंच घर चाललं. हमरापूर, जोहे, पेण, सगळा टापू साच्यावर उभा आहे. विसर्जनाचा गुलाल निघतो न निघतो तोवर पुढच्या वर्षाच्या मूर्ती साच्यातून काढायला लागतात. पण पहिली मूर्ती? ती तुझे आजोबा, आमचे आप्पा, हातानं करायचे. शाडूचा गोळा पाटावर ठेवून दिवसदिवस बसत. सोंडेचं वळण जमलं नाही की सगळी मोडून पुन्हा. त्या वेळात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. एक मूळ मूर्ती मनासारखी उतरली की मग तिच्यावरून साचा, आणि साच्यातून शेकडो. शेवटी पुन्हा हातच. डोळ्यांची आखणी साच्यातून येत नाही. पापणीची रेघ एका दमात ओढावी लागते, बुबुळ केसभर सरकलं की देव तिरळा होतो, आणि नजर अशी हवी की खाली पाटावर बसलेल्याला वाटावं, माझ्याकडेच बघतोय. तुझं ते यंत्र हाही साचाच, फार मोठा, आणि कुणाकुणाच्या मूळ मूर्तींवरून न विचारता काढलेला. त्याच्यावर राग धरून बसू नकोस, लागेल तिथे वापर. पण साच्यातून मूर्ती काढणारी माणसं आपल्याकडे रोजावर मिळायची. आप्पांच्या जागी बसणारा मिळत नव्हता.

असो. मी चिडले की लांबते.

पात्र घडवणं म्हणजे काय, हे मला तूच शिकवलंस. मी आपली रोहा स्टेशनवरून तुझ्यासाठी 'टिंकल' आणायची आणि गाडीत स्वतःच आधी वाचून काढायची. तू एकदा सुप्पांडीचं डोकं नुसतं काळ्या शाईनं भरून दाखवलंस आणि विचारलंस, "कोण?" मी लगेच ओळखला. तू म्हणालास, सावलीवरून ओळखू आला तरच तो पात्र. राम वाईरकरांनी 1983 साली तो काढला. आणि तो शिकारी शंभू, वसंत हळब्यांचा, ज्याचे डोळे टोपीखाली कधी दिसतच नाहीत! आम्ही आयुष्य डोळ्यांची आखणी करण्यात घालवलेली माणसं, आणि इथे एका चित्रकारानं डोळेच झाकून टाकले, तरी माणूस घाबरलेला कळतो. मला फार हसू आलं होतं. 'चिंटू' तर 1991 साली 'सकाळ'मध्ये सुरू झाला. पंडित-वाडेकरांचा तो पोरगा तुझ्या बाबांना अजून तोंडपाठ आहे.

लक्ष्मण यांचा कॉमन मॅनही असाच. आधी ते चित्रात बंगाली, मद्रासी, पंजाबी, सगळ्या प्रांतांची माणसं भरायचे. रोजच्या रोज अंकाची वेळ गाठायची, म्हणून एकेक गाळत गेले, आणि शेवटी चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा घातलेला तो एकटा उरला. गाळायला आधी माणसं भरपूर लागतात, निखिल. ती कुठून आली? म्हैसूरच्या घरी लहानपणी खिडकीतून दिसणारी वाळकी काटकी, लाकडं फोडणारा गडी, छपरावरचे कावळे, हे सगळं त्यांनी काढलेलं होतं. जे.जे.नं त्यांना प्रवेश नाकारला, तरी कावळे काढणं काही थांबलं नाही, म्हातारपणीही कावळेच. तुझ्या गोणीतही कावळ्यांची आख्खी वही होती, आमच्या गोठ्यावरच्या. तीही दिलीस का?

बघ, फिरून मी तिथेच आले.

आता माझं सांगते. तुझ्या बाबांनाही हे पूर्ण ठाऊक नाही. इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली होती. ड्रॉइंगच्या बाई मुद्दाम घरी येऊन आप्पांना म्हणाल्या, हिला जे.जे.ला पाठवा. आप्पा नाही म्हणाले नाहीत. ते गप्प बसले, आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी नकार समजले. एकदा तोंडानं विचारायला काय झालं होतं मला? पुढे वरशाला आले. सासूबाईंनी अडवलं असं सांगितलं की लोक हळहळतात, पण ती माऊली तशी नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिनंच मला रोह्याच्या बाजारातून रंगांची पेटी आणून दिली. मीच उघडली नाही. आज भाताची लावणी, उद्या पोरांचं आजारपण, मग पाळीप्रमाणे तुझ्या काकांचे डबे. कुणी थांबवलं नाही मला. नुसतं राहिलं.

मग एका श्रावणात माहेरी गेले होते. कारखान्यात घाई, माणसं कमी. मी पदर खोचला, बारीक ब्रश घेतला आणि लग्नाआधी करायचे तशी आखणी करायला बसले. रेघ थरथरली. दुसरी ओढली, तीही. आप्पांनी लांबून पाहिलं, जवळ आले, ओल्या फडक्यानं तो डोळा पुसला, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतः काढला. एक शब्द बोलले नाहीत. मी त्यानंतर कारखान्यात नुसता चहा घेऊन जायची. रद्दीचं ऐकल्यापासून माझ्यासमोर तेच फडकं येतंय, म्हणून तुझ्यावर एवढी तडकले.

तुझं काम सुटलंय का रे? तसं असेल तर सरळ सांग. मुंबईचं भाडं काय असतं ते मला कळतं. धाटावला नोकरी धरलीस तर त्यात कमीपणा मुळीच नाही. तुझ्या काकांनी सारी हयात तिथे पाळ्या केल्या, वासानं डोकं धरून घरी आले, आणि त्याच पगारावर हे घर बांधलं. इथे राहून कर हवं तर, खोलीचं भाडं वाचेल. मी ओरडतेय ते नोकरीसाठी नाही. पाळीवर जाताना खिशात बसेल एवढी वही ठेव, बस थांब्यावर पाच मिनिटं काढ, वाईट काढ. कुणाला दाखवू नकोस, इन्स्टावर टाकू नकोस, लाइक मोजू नकोस. वहीतलं प्रत्येक पान विकायला थोडंच असतं? आप्पा मोडलेल्या मूर्तींची माती पुन्हा भिजवायचे, त्या मोजत नव्हते.

आणि वह्या खरंच दिल्या असशील, तर रद्दीवाला माल लगेच पुढे पाठवत नाही, साठवून ठेवतो. एकदा जाऊन बघ. तो जास्त पैसे मागेल; दे, माझ्याकडून घे. नसतीलच उरल्या, तर गेल्या. मी पुन्हा विषय काढणार नाही. (काढीन, तू मनावर घेऊ नकोस.) कॉलेजात असताना तू आप्पांचे हात काढले होतेस, ते शेवटचे आजारी होते तेव्हा, पांघरुणावर ठेवलेले. तेवढं पान तरी फाडून ठेवलं असशील असं मनात धरून आहे.

एक गोष्ट वहिनीनं तुला सांगितली नसणार, म्हणून मी सांगते. तुझ्या बाबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन गणपती झाल्यावर करू म्हणून अडून बसलेत. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पीओपीबंदीचा नियम आला, तेव्हापासून बंदी, सवलत, कोर्ट यांत धंद्याची घडी मोडलीय. यंदा त्यांनी शाडूच्या मूर्ती जास्त केल्यात, त्या सुकायला वेळ लागतो, सगळं काम शेवटच्या पंधरवड्यावर आलंय. आखणीला ते बसतात, एक डोळा मिटून. परवा मी गेले होते तेव्हा रांगेतल्या काही मूर्तींची नजर मला वरची वाटली. मी काही बोलले नाही. दादाला कोण सांगणार?

तो तुला बोलवणार नाही. मुलगा मुंबईत मोठं काम करतो असं त्यानं गावभर सांगून ठेवलंय, आता कुठल्या तोंडानं हाक मारेल? म्हणून मी मारते. शनिवारी दिव्याहून रोहा गाडी धर आणि हमरापूरला उतर, थेट कारखान्यात जा. हात बसलेला नसेल, पहिल्या चार-दोन मूर्ती पुसाव्या लागतील, लागू देत. रविवारी रात्री इकडे वरशाला ये, वालाचं बिरडं करते. चतुर्थीपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार दे त्याला. येतोस की नाही, तेवढं मात्र फोन करून कळव.

तुझी,
आत्या