जठर व आद्यांत्र यांचा दाह : कारणें व उपाय

ऐन हंगामांत बैलानें वैरण सोडली तर आपण त्याच दिवशीं चौकशी करितों. परंतु स्वतःच्या पोटांत महिनोन्‌महिने जळजळ होत असतां खाण्याचा सोडा घेऊन काम पुढें रेटितों. आम्ही राहतों तें खारदांडा हें मुंबईच्या उपनगरांतील कोळ्यांचें जुनें गांव. पहांटे होडीवर जाणारा कोळी आणि पहांटे पाण्याच्या पाळीस जाणारा शेतकरी यांची तऱ्हा या बाबतींत एकच : रिकाम्या पोटीं चहा, तंबाखू, उशिरां जेवण, आणि अंग दुखलें कीं गोळी.

जठरांत अन्न पचविण्यासाठीं तीव्र आम्ल तयार होतें. अस्तरावरील बुळबुळीत थर बांधाप्रमाणें तें अडवितो. हा बांध खचला म्हणजे अस्तर लाल होऊन सुजतें. यासच दाह म्हणतात. जठरास लागून असलेला लहान आंतड्याचा आरंभीचा भाग म्हणजे आद्यांत्र. तेथेंही असेंच घडतें. दुर्लक्ष झाल्यास व्रण पडूं शकतो. बेंबीच्या वर जळजळ, मळमळ, थोड्या अन्नानें पोट भरल्यासारखें वाटणें हीं लक्षणें होत. आद्यांत्रांतील व्रणाचें दुखणें पुष्कळदां रिकाम्या पोटीं व रात्रीं वाढतें आणि खाल्ल्यावर कांहीं काळ शमतें.

पूर्वीं सारा दोष तिखट व चिंता यांच्या माथीं येत असे. तिखटानें जळजळ वाढते हें खरें. पण मुख्य कारणें दोन आहेत. पहिलें जंतूचें. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं जठरांत राहणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतु शोधिला. मार्शल यांनीं १९८४ सालीं तो स्वतः प्राशन केला, आणि त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु बहुधा बालपणींच पोटांत शिरतो. म्हणून स्वच्छ पाणी व हात धुणें यांस महत्त्व आहे. शौचाच्या, श्वासाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीनें तो कळतो. त्यावरील औषधें बहुधा चौदा दिवस घ्यावीं लागतात. चार दिवसांत बरें वाटलें म्हणून तीं सोडूं नयेत. अर्धवट मारलेला जंतु पुढें औषधास दाद देत नाहीं.

दुसरें कारण वेदनाशामक गोळ्यांचें. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन हीं औषधें अस्तराचें संरक्षणच कमी करितात. सुई घेतल्यानें पोट वाचतें असेंही नाहीं. औषध रक्तावाटे तेथें पोंचतेंच. कंबरदुखीसाठीं अशी गोळी रोज घेणाऱ्यानें वैद्यास तसें स्पष्ट सांगावें. मात्र हृदयविकारासाठीं दिलेली अ‍ॅस्पिरिन आपल्या मनानें बंद करूं नये. दारू व तंबाखू यांनीं विकार बळावतो.

आहाराविषयीं एक गोष्ट शेतकऱ्यांनीं लक्षांत घ्यावी. म्हैसूरच्या रुग्णालयांत काम केलेले शल्यवैद्य फ्रँक टोव्ही यांस असें आढळलें कीं, भात खाणाऱ्या प्रदेशांत आद्यांत्राचे व्रण अधिक, आणि गहूं खाणाऱ्या उत्तरेंत कमी. पुढें उंदरांवरील प्रयोगांत कुळथांतील स्नेहांशास संरक्षक गुण दिसला. एवढ्यावरून कुळीथ औषध ठरत नाहीं. पण कुळथाची पिठी व भाकरी ताटांतून घालविण्याचें कारणही नाहीं. वेळेवर, थोडें थोडें जेवावें. दुधानें क्षणिक थंडावा येतो, परंतु मागाहून आम्ल वाढतें. सोड्यांतील क्षार रक्तदाबाच्या रोग्यास अहितकारक आहे.

कारण न शोधतां जळजळ दाबणें म्हणजे शेत न पाहतां चावडींत बसून पीकपाहणी लिहिणें होय. डांबरासारखें काळें शौच, रक्ताची वांती, वजन घटणें, गिळतांना अडणें, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली जळजळ, यांपैकीं कांहींही दिसल्यास दुर्बिणीची तपासणी करावी; शौच काळें झाल्यास अगर रक्त पडल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. लोहाच्या गोळ्यांनींही शौच काळें होतें, हें वैद्यास सांगावें. जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा हात व जबडा यांत कळ असेल, तर तें पोटाचें नसून हृदयाचें असूं शकतें. तेथें सोड्याची वाट पाहूं नये. पेरणी दोन दिवस लांबली तर ती सांवरतां येते. अंगांतून गेलेलें रक्त तितक्या सहज भरून येत नाहीं.