उकळलेले दूधही बाधू शकते : जंतूंचे विष आणि गोठ्यातील काळजी

"दूध उकळले की काळजी मिटली," असे घरोघरी म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. उकळल्याने जंतू मरतात; पण त्यांनी आधीच दुधात सोडलेले विष काही वेळा तसेच राहते. हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर या भागात गोठ्याला लागूनच शहराची मोठी वस्ती आहे. त्यामुळे येथील दूध उत्पादकांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

विष कोठे तयार होते?

काही जंतू आपल्या पोटात गेल्यावर विष तयार करतात. पटकीचा जंतू या प्रकारचा. त्याच्या विषामुळे आतड्यात पाणी व क्षार झिरपतात, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखविले. येथे पाणी उकळले की जंतू मरतो आणि धोका टळतो.

काही जंतू मात्र अन्नातच विष तयार करून ठेवतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा त्यांतील प्रमुख. तो दगडी (स्तनदाह) झालेल्या सडात, माणसाच्या नाकात, तसेच हातावरील जखमेत व गळवात आढळतो. कोमट दुधात तो झपाट्याने वाढतो. त्याचे विष अर्धा तास उकळूनही टिकते. दुधाचा वास, रंग व चव बदलेलच असे नाही. असे दूध, खवा किंवा बासुंदी पोटात गेल्यावर बहुधा १ ते ६ तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा व जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत बरा होतो. परंतु लहान मुले व वृद्ध यांच्या अंगातील पाणी कमी होऊन धोका संभवतो. अशा वेळी जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांना दाखवावे.

शिजवून तसाच ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जंतू असेच काम करतो. त्याचे उलटी आणणारे विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराज व तुकाराम महाराजांच्या पालख्या हडपसरपर्यंत एकत्र येतात आणि येथून वेगळ्या वाटेने जातात. वारकऱ्यांना अन्नदान करणाऱ्यांनी भात, खीर लागेल तशी शिजवून गरम असतानाच वाढावी.

जपानचा धडा

मार्च २००० मध्ये जपानमधील स्नो ब्रँड कंपनीच्या होक्काइडो येथील कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. यंत्रातील दूध कोमट राहिले, जंतू वाढले व विष तयार झाले. पुढे तापवण्याच्या प्रक्रियेत जंतू मेले, पण विष दूध भुकटीत उतरले. ती भुकटी वापरून केलेल्या दुधामुळे त्या उन्हाळ्यात १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. एवढी यंत्रसामग्री असूनही असे घडले. आपल्याकडेही वीज जाते. म्हणून थंड करण्याची पर्यायी सोय हवीच.

काय करावे?

१) धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. हातावर जखम किंवा गळू असल्यास दुसऱ्याने धार काढावी.

२) कास धुऊन स्वच्छ कापडाने कोरडी करावी. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घेऊन गाठी, पाणचटपणा किंवा रक्त आहे का ते पाहावे.

३) बाधित जनावराची धार शेवटी काढावी. ते दूध कॅनमध्ये मिसळू नये, वासरालाही पाजू नये.

४) पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत. औषधानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नये.

५) दूध गाळून लगेच केंद्रावर पोचवावे व ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे. उशीर होणार असल्यास कॅन बर्फाच्या पाण्यात ठेवावा. उन्हात ठेवू नये.

६) सकाळच्या थंड दुधात संध्याकाळची कोमट धार ओतू नये.

दगडीचे दूध टाकताना जीव हळहळतो, हे खरे. परंतु संकलन केंद्रावर अनेकांचे दूध एकत्र होते. एका सडातील दोष सगळ्या टाकीत उतरतो आणि मग उकळूनही तो निघत नाही. म्हणून दुधाची खरी राखण चुलीवर नव्हे, गोठ्यातच करावी.