आधी वात, मग काच

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागात आम्ही जुनं दगडी घर घेतलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त आवडली ती दिवाणखान्यातली काचेच्या दाराची लोखंडी शेगडी. इथे तिला ‘वुड बर्नर’ म्हणतात. ऑक्टोबरात ती पहिल्यांदा पेटवली आणि कितीतरी वेळ आम्ही नुसते ज्वाळांकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काच तपकिरी झाली होती. आठवड्याभरात ती इतकी काळवंडली, की आत आग आहे की नाही हेही कळेना.

मला वाटलं, काच मळली आहे, घासली की झालं. तारेच्या घासणीने घासली, तर काचेवर कायमचे ओरखडे उमटले. मग ओव्हन साफ करायचं कॉस्टिकचं द्रावण फवारलं. काजळी निघाली, पण ओघळ खाली दाराच्या कडेच्या दोरीत मुरले आणि ती कडक होऊन भुगा पडू लागली. दार घट्ट बसावं म्हणून लावलेली ही उष्णतारोधक दोरी गेली, की फटीतून नको तिथून हवा शिरते. म्हणजे काच स्वच्छ करण्याच्या नादात मी ती आणखी काळी होण्याची सोय करून ठेवली होती.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच होती. रात्री झोपताना मी दोन मोठे ओंडके आत सारायची आणि हवेची झडप बंद करायची. आग सकाळपर्यंत धुमसत राहील आणि लाकूडही वाचेल, असा माझा हिशेब.

जानेवारीत धुराडं साफ करणारे गृहस्थ आले. त्यांनी मला आतली भिंत दाखवली. डांबरासारखा काळा, चकचकीत थर तिथे जमला होता, ब्रशलाही दाद न देणारा. ते म्हणाले, “जे काचेवर दिसत होतं तेच वर साठत होतं. एखाद्या रात्री मोठी आग केली असती, तर हाच थर पेटला असता.” त्या घरात माझी दोन मुलं वरच्या मजल्यावर झोपत होती.

लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात. खरी ज्वाळा त्या वायूंची असते. उष्णता किंवा हवा कमी पडली तर ते न जळता धूर होऊन जातात आणि थंड पृष्ठभागावर थिजतात, आधी काचेवर, मग धुराड्यात. रत्नागिरीकडे आमच्या घरी आजी तिन्हीसांजेआधी कंदिलाच्या काचा राखेने पुसायची. पण त्याआधी ती वातीची जळकी कड कात्रीने सरळ कापायची आणि पेटवल्यावर वात बेताची ठेवायची. वात फार वर आली की तेल जास्त होतं, हवा कमी पडते आणि काच काजळते. हे मी लहानपणापासून बघत आले होते, तरी शेगडीपुढे बसल्यावर ते मला आठवलं नाही. मी फक्त काच पुसत राहिले.

म्हणून सांगते, सुरुवात लाकडापासून करा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ओंडका नव्याने फोडून त्याच्या आतल्या बाजूला सुया टोचा, कारण बाहेरून तो वाळलेलाच वाटतो. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. माझा ३५ आला. म्हणजे दहा किलो लाकडामागे अडीच लिटरहून जास्त पाणी मी रोज उकळवत होते. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी जळाऊ लाकूड विकायचं, तर ते २० टक्क्यांपर्यंतच ओलं असावं लागतं. मोठी खेप ओली विकता येते, मात्र ती कशी वाळवायची याची सूचना सोबत द्यावी लागते. मला ती चिठ्ठी मिळाली होती, मी वाचली नाही. आता लाकूड फोडून, वरून छप्पर आणि बाजूंनी वारा लागेल असं रचून ठेवते. ओकच्या लाकडाला वाळायला तर दोन वर्षंही लागतात. रंग दिलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड कधीच जाळू नका.

मग हवा. बहुतेक नव्या शेगड्यांत वरच्या झडपेतून आलेली हवा तापून काचेच्या आतून खाली उतरते आणि धुराला काचेपासून दूर ठेवते. ती झडप पूर्ण बंद करू नका. पेटवताना मोठी लाकडं खाली आणि काटक्या वर ठेवा, म्हणजे धुराडं लवकर तापतं. नवं लाकूड घातलं की ते नीट पेट घेईपर्यंत हवा मोकळी सोडा. ओंडका काचेला टेकू देऊ नका. लहान आग चालेल, धुमसती नको.

एवढं सांभाळलं की पुसण्याचं काम थोडंच उरतं. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर वर्तमानपत्राचा बोळा ओला करून मऊ, पांढुरक्या राखेत बुडवा आणि हलकेच फिरवा. राखेत खडा नसल्याची खात्री करा. शेवटी कोरड्या कागदाने पुसा.

दाराची दोरीही तपासा. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर दोरी बदला. धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घ्या आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

हे सगळं करूनही काच काळी पडत असेल, तर फडकं उचलू नका. आग विझू द्या आणि धुराडं तपासणाऱ्याला बोलवा. त्याला ती काळी काच तशीच दाखवा. वर काय साठलं आहे, हे शेगडी आपल्याला तिथेच सांगत असते.