लहान घरासाठी गॅस गीझरची निवड

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचला आणि त्याच्या मागोमाग स्नानाचे पाणीही गॅसवर तापविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. प्रथम चुलीवरचा हंडा शेगडीवर जातो. पुढे घराच्या माथ्यावर टाकी बसली आणि न्हाणीघरात नळ आला की गॅस गीझर घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानात किंमत व बाहेरची चकाकी पाहून निवड केली जाते आणि यंत्र कोठे बसवावयाचे हा प्रश्न मिस्त्रीवर सोपविला जातो. वस्तुतः गॅसची बचत व घरातील माणसांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी यंत्राच्या नावापेक्षा त्याच्या जागेवर व वापरावर अधिक अवलंबून असतात.

प्रथम खर्चाचा हिशेब पाहावा. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात टाकीतील पाणी १८ अंश सेल्सिअस असेल व स्नानास ४० अंशांचे पाणी हवे असेल, तर २० लिटरच्या एका बादलीस ४४० किलोकॅलरी उष्णता पुरते. सिलिंडरमधील एक किलो गॅसपासून सुमारे १०,९०० किलोकॅलरी उष्णता मिळते. परंतु ती सर्वच पाण्यात उतरत नाही. शेगडीवर ठेवलेल्या भांड्यात तिच्यापैकी ६० टक्के व चांगल्या गीझरमध्ये ८० टक्के उतरते असे धरले, तर एका बादलीस शेगडीवर सुमारे ६७ ग्रॅम व गीझरवर सुमारे ५० ग्रॅम गॅस जळतो. पाच माणसांच्या कुटुंबात १४.२ किलोचे सिलिंडर केवळ स्नानासाठी वापरल्यास पहिल्या रीतीने सुमारे ४२ दिवस व दुसऱ्या रीतीने सुमारे ५६ दिवस पुरेल. हंड्यावर झाकण नसेल किंवा ज्योत बुडाबाहेर पसरत असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

मात्र ही बचत हाती येण्यास एक जुनी सवय सोडावी लागते. चुलीवरचे पाणी कढत करून मग त्यात विसण घालण्याची आपल्याकडील रीत आहे. बंबाच्या बाबतीत ती योग्यच होती, कारण बंबातील पाणी थोडे व माणसे अधिक असत. गीझरमध्ये पाणी वाहता वाहता तापते. म्हणून ते अंगास सोसेल इतकेच तापवावे. कढत पाणी वाटेत नळातच अधिक उष्णता गमावते. शिवाय विंधन विहिरीचे जड पाणी जितके अधिक तापवावे तितका क्षार यंत्रातील तांब्याच्या नळीत लवकर धरतो, आणि क्षाराचा थर बसला की गॅस तेवढाच जळूनही पाणी कोमटच येते.

यंत्राचा आकार ठरविताना मोठ्याचा मोह धरू नये. मिनिटाला पाच ते सहा लिटर पाणी देणारे यंत्र एका न्हाणीघरास पुरेसे आहे. २० लिटरची बादली त्याने साडेतीन-चार मिनिटांत भरते. याहून महत्त्वाचा आहे तो पाण्याचा दाब. पाण्याचा ठराविक दाब मिळाल्यावाचून गीझरची ज्योत पेटत नाही, व हा किमान दाब माहितीपत्रकावर बारमध्ये दिलेला असतो. टाकी यंत्रापासून १० मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो. बैठ्या घरात ही उंची बहुधा दोन मीटरच भरते, म्हणजे दाब केवळ ०.२ बार. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ही उंची दोरीने मोजून न्यावी व तेवढ्या दाबावर चालणारेच यंत्र मागावे. यंत्र न्हाणीघराच्या जवळच असावे. दहा मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळात एक ते दीड लिटर पाणी मावते, आणि प्रत्येक स्नानानंतर ते नळातच थंड होते.

आता हवेचा विचार करावयाचा. आणि या सर्व विषयात अधिक काळजीपूर्वक समजून घ्यावी अशी बाब हीच आहे. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारे यंत्र तासाला सुमारे एक किलो गॅस जाळते. म्हणजे सहा बादल्या भरावयास लागणाऱ्या २० मिनिटांत त्यास चार घनमीटरांहून अधिक हवा हवी. चार फूट रुंद, पाच फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरात एकंदर हवा साडेचार घनमीटरच असते. थंडीच्या दिवसांत दार लावलेले असते व खिडकीस गोणपाट किंवा कागद अडकविलेला असतो. तेथील सर्व हवा संपावी लागत नाही. प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून थोडेसे खाली आले तरी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो.

या वायूस रंग नाही व वासही नाही. सिलिंडरमधील गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या उग्र द्रव्याच्या वासाने तो कळतो. कार्बन मोनॉक्साइडची अशी कोणतीच सूचना मिळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जखडला जातो. डोके दुखते, चक्कर येते, पाय लुळे पडतात, आणि दार उघडावे हे सुचेपर्यंत उठण्याची शक्ती उरत नाही. हिवाळ्यात न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या ज्या बातम्या वाचावयास मिळतात, त्यांतील अनेकांचे कारण हेच असते.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये. यंत्र बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोसा असलेल्या परंतु बाजूने मोकळ्या पडवीत बसवावे व केवळ गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. ते न्हाणीघराच्या अथवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली नसावे, कारण जळालेला वायू गरम असल्याने वर चढतो. सिलिंडरमधील गॅस मात्र हवेपेक्षा जड असून तो खाली साचतो. यास्तव सिलिंडर खड्ड्यात किंवा जिन्याखालील कोंदट जागेत ठेवू नये, उभेच ठेवावे. शेगडीच्या नळीस मध्येच जोड काढून गीझर लावण्याची युक्तीही टाळावी. जोडणी गॅस वितरकाच्या माणसाकडूनच करून घ्यावी.

यंत्रावर भारतीय मानक चिन्ह व आय. एस. १५५५८ हा मानक क्रमांक आहे काय हे पाहावे. प्राणवायू घटताच ज्योत विझविणारी योजना असल्यास थोडे अधिक पैसे देणे योग्य ठरते. २० मिनिटांनी आपोआप बंद होणारी यंत्रेही मिळतात. पण घरात एकामागून एक स्नाने चालू असली की पुढचा माणूस ते पुन्हा सुरू करतो, त्यामुळे या सोयीवर विसंबून यंत्र आत बसविणे धोक्याचेच आहे.

ज्यांच्याकडे गोबर गॅस संयंत्र आहे त्यांनी हे यंत्र त्याच्या नळीस जोडू नये. गोबर गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्केच असतो व दर घनमीटरला सुमारे ४,७०० किलोकॅलरी उष्णता मिळते. सिलिंडरच्या गॅससाठी पाडलेली बारीक छिद्रे त्यास चालत नाहीत. गोबर गॅसच्याच शेगडीवर झाकण ठेवून पाणी तापवावे. तसेच ज्या कुटुंबास कपाशीच्या पऱ्हाट्या व तुराट्या मुबलक मिळतात आणि ज्यांचा बंब मोकळ्या अंगणात चालतो, त्यांस गीझर घेण्याची निकड नाही. तो पैसा प्रथम झाकणाच्या टाकीवर खर्च केलेला बरा.

वापर सुरू झाल्यावर ज्योतीकडे अधूनमधून लक्ष द्यावे. ती निळी व स्थिर असावी. पिवळी झाल्यास किंवा यंत्राच्या माथ्यावर काजळी दिसू लागल्यास बर्नर साफ होईपर्यंत यंत्र वापरू नये. हिवाळा सुरू होण्यापूर्वी वर्षातून एकदा बर्नर व तांब्याची नळी जाणत्याकडून स्वच्छ करून घ्यावी, आणि रबरी नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीत बदलावी. गळतीचा वास आल्यास दिव्याचे बटण न दाबता, काडी न ओढता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा व बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. न्हाणीघरात कोणी बेशुद्ध पडलेले आढळल्यास प्रथम दार सताड उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि शुद्ध आली तरी विलंब न लावता प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.