श्रवणानुराग आणि पडद्याआडचे वर : एका दूरचित्रवाणी-खेळाच्या निमित्ताने

रायपुरात, नागपुरात किंवा या पट्ट्यात कोठेही, उपवर वधू-वरांचा परिचय मेळावा ज्याने पाहिला आहे त्याला त्याची रीत सांगावयास नको. उमेदवार मंचावर येतो, ध्वनिक्षेपकासमोर आपले नाव, वय, शिक्षण, नोकरी सांगतो आणि पुढच्यासाठी जागा करून देतो. उत्पन्न व गोत्र छापील पुस्तिकेत असतेच. पालक त्या पुस्तिकेत खुणा करीत बसतात. नेमक्या याच गोष्टी विचारण्यास जेथे मनाई होती, असा एक खेळ अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर होऊन गेला. आपल्या स्वयंवर-काव्यांच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे वाटते.

'द डेटिंग गेम' हा चक बॅरिस यांनी निर्मिलेला कार्यक्रम २० डिसेंबर १९६५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाला. जिम लँग हे त्याचे सूत्रधार. बहुधा एक तरुणी आणि आडभिंतीपलीकडे तीन तरुण अशी त्याची मांडणी असे. क्वचित भूमिका उलट होत. तरुणीने प्रश्न विचारावयाचे व केवळ उत्तरांवरून एकाची निवड करावयाची. नाव, वय, व्यवसाय आणि उत्पन्न हे चार विषय वर्ज्य. त्यामुळे प्रश्न चमत्कृतीचे, पुष्कळदा द्व्यर्थी होत, आणि उत्तर देणाऱ्याजवळ आवाज व हजरजबाबीपणा यांखेरीज काहीच भांडवल उरत नसे. निवड झाली की आधी नाकारलेले दोघे तिच्यासमोर येत, निवडलेला सर्वांत शेवटी. पुढील सहलीचा खर्च निर्माते करीत आणि सोबत पोक्त व्यक्ती जाई. विवाहाचा प्रश्नच नव्हता. खेळाची खरी गोडी प्रेक्षकाच्या स्थानात होती. तरुणीला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला सर्व दिसते. ती रुबाबदार आवाजावर भुलत असताना तो त्या आवाजामागचा चेहरा पाहत असतो. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती नवी नाही.

ब्रिटनमध्ये १९८५ साली 'ब्लाइंड डेट' या नावाने हाच खेळ आला, तेव्हा त्यात एक लक्षणीय भर पडली : निवडीपूर्वी एक अदृश्य निवेदक तिन्ही उमेदवारांच्या उत्तरांचा मिश्किल गोषवारा सांगे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीला एकेका राजापुढे नेऊन त्याची थोरवी वर्णन करणारी सुनंदा येथे आठवल्यावाचून राहत नाही. भेद इतकाच की इंदुमतीसमोर राजे प्रत्यक्ष बसलेले आहेत आणि सुनंदा सांगते ते त्यांचे कुल आणि राज्य. म्हणजे कालिदासाची सभा परिचय मेळाव्याला जवळची आहे.

मराठी स्वयंवर-काव्याचा ओढा मात्र बव्हंशी दुसरीकडे दिसतो. महानुभाव कवी नरेंद्र आणि पुढे एकनाथ या दोघांनीही 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिण्यासाठी जी कथा घेतली, तिच्यात सभाच भरत नाही. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेले नाही. घरी येणाऱ्यांकडून त्याचे गुण ऐकून तिने मन दिले आहे. संस्कृत काव्यविचारात पूर्वरागाचे जे प्रकार सांगितले जातात त्यांतील हा श्रवणातून उपजलेला अनुराग. रघुनाथ पंडितांनी ज्या नलकथेवर काव्य रचले तिच्यात तर डोळ्यांचा पराभवच आहे. हंसाच्या तोंडून नलाचे गुण ऐकलेली दमयंती सभेत येते, तो एकसारखे दिसणारे पाच नल समोर! पाहून निवड करणे अशक्य होते, आणि तिला देवांनाच शरण जावे लागते.

छत्तीसगडच्या शेतांत व रानांत स्त्री-पुरुषांनी सवाल-जबाबाने गायिलेला ददरिया याच संदर्भात ध्यानात घ्यावयास हवा. कामाच्या ठिकाणी एका बाजूने सुटलेल्या कडव्याला दुसऱ्या बाजूने उत्तर मिळते. तेथेही परीक्षा होते ती आवाजाची आणि जुळवून बोलण्याच्या तयारीची. या लोकगीताची अमेरिकी करमणुकीशी तुलना काहींना रुचणार नाही, आणि व्यापारी प्रायोजकाच्या पैशाने चालणाऱ्या खेळात व श्रमगीतात मोठे अंतर आहे हे मान्यच आहे. प्रस्तुत लेखकाला अभिप्रेत असलेले साम्य निवडीच्या साधनापुरते आहे.

२००९ साली एनडीटीव्ही इमॅजिन या हिंदी वाहिनीने 'राखी का स्वयंवर' सादर केले, तेव्हा 'स्वयंवर' हा शब्द प्रथमच अशा खेळाच्या मथळ्यावर झळकला असावा. सोळा उमेदवार, महालाची पार्श्वभूमी, अखेरीस वरमाला : बाह्य सामग्री सगळी पौराणिक होती. परंतु आडभिंत गेली होती. सारे काही पाहावयाचे आणि दाखवावयाचे होते. उमेदवाराचे घर, कुटुंब, मिळकत यांची चौकशीही उघडपणे होत होती. नाव परंपरेचे, पण रुक्मिणीच्या व दमयंतीच्या निवडीचा जो गाभा, म्हणजे न पाहता ऐकून केलेला निश्चय, तो येथे नव्हता. तो त्या १९६५ च्या थिल्लर समजल्या गेलेल्या खेळात अधिक होता.

खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकाचा (१९१६) विचार येथे करता आला असता, पण गंधर्व नाटक मंडळीने रंगवलेल्या त्या नाटकात श्रवणाचे माहात्म्य संगीतामुळे इतके वाढले आहे की तो स्वतंत्र विषय ठरेल. एकनाथांच्या ग्रंथाविषयी मात्र एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मुलीचे लग्न जमावे म्हणून त्याची पारायणे करण्याची प्रथा मराठी घरांतून आजही आहे. परिचय मेळाव्याची पुस्तिका आणि हा ग्रंथ एकाच घरात, कधी एकाच फळीवर असतात. ग्रंथाची नायिका मात्र भावाने ठरविलेले शिशुपालाचे स्थळ नाकारून, न पाहिलेल्या पुरुषाला स्वतः पत्र धाडते.