हुगळीकांठचें श्रीरामपूर

हावड्याहून आगगाडीनें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें अर्ध्या तासांत श्रीरामपूर लागतें. तेथें उतरून आम्ही प्रथम हुगळीच्या घाटावर गेलों. पैलतीरीं बराकपूर दिसत होतें. नदीपासून जवळच १८०६ सालीं पुरें झालेलें सेंट ओलाव्हचें ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा क्रिश्चन याचीं राजाक्षरें अद्याप दिसतात.

ह्या गांवीं डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनीं १७५५ सालीं वखार घातली व आपल्या राजावरून गांवास फ्रेडरिक्सनगर असें नांव दिलें. पुढें इंग्रजांशीं झालेल्या युद्धांमुळें त्यांचा व्यापार खालावला, आणि १८४५ सालीं त्यांनीं हें ठाणें इंग्रजांस विकून टाकलें.

व्यापार गेला, परंतु दुसरें एक कार्य राहिलें. कंपनी सरकार आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस राहूं देईना, म्हणून विल्यम केरी हे १८०० सालीं डेन्मार्कच्या निशाणाखालीं येथें आले. त्याच वर्षीं छापखाना निघाला. त्यांतून १८०५ सालीं केरींचें मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत, व १८१० सालीं त्यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत बाहेर पडला. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर, बंगाली भाषेच्या गांवीं, आपली भाषा छापली गेली, हें ऐकून कोणास नवल वाटणार नाहीं?

मुखपृष्ठावर नांव केरींचें आहे, आणि तें योग्यच आहे. तथापि फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठीचे पंडित वैजनाथ यांनीं त्यांस भाषेच्या कामीं साहाय्य केलें. आणि ह्या छापखान्यास अक्षरांचे ठसे मिळाले ते पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर ह्या बंगाली लोहारांच्या कौशल्यामुळें. १८१२ च्या मार्च महिन्यांत छापखान्यास आग लागली. कागद, हस्तलिखितें व खिळे भस्म झाले. पण पोलादी ठसे वांचले. वितळलेल्या धातूचेच पुन्हां खिळे ओतून कांहीं महिन्यांत छपाई चालूं झाली. ते ठसे नसते, तर केवळ विद्वत्तेनें काय झालें असतें?

विद्यार्थिमित्रहो, परत निघतांना आम्हीं पुनः एकदां घाटाकडे पाहिलें. राजाचीं अक्षरें एका भिंतीवर राहिलीं. लोहारानें कोरलेलीं अक्षरें घरोघर गेलीं. पुस्तक उघडतांना ग्रंथकर्त्याचें नांव आपण वाचतोंच. ज्यांचीं नांवें तेथें छापलेलीं नसतात, त्यांचीही आठवण आपण ठेवावी.